अँब्युलन्समध्ये लीडर कोण? वडूज ते सातारा, एक तास

कुणी एसटीच्या खिडकीशी बसून ऐकत असाल, कुणी धारा काढताना, कुणी अभ्यासिकेच्या पायरीवर. मी बोलतेय वडूजमधून. मी पॅरामेडिक आहे. १०८ वर नाही, एका खासगी रुग्णालयाच्या कार्डियाक अँब्युलन्सवर काम करते. खटाव-माणमधून पेशंट घ्यायचा आणि साताऱ्याला नाहीतर कराडला पोचवायचा, हे माझं रोजचं काम.

आजचा विषय नावाला जरा जड आहे : क्लिनिकल लीडरशिप. हा शब्द ऐकला की वाटतं, हे मोठ्या हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांचं काम असणार. एसी हॉल, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं. आपला काय संबंध? तर संबंध आहे, आणि तो आपल्यासारख्या तालुक्यात सगळ्यात जास्त आहे. समोर पेशंट असताना पुढं काय करायचं आणि कुणी करायचं हे ठरवणं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणं आणि त्याची जबाबदारी घेणं, याला मी क्लिनिकल लीडरशिप म्हणते. त्यासाठी खुर्ची लागत नाही. पण पांढरा ॲप्रन घातला म्हणून ती येत पण नाही. ती शिकावी लागते. कशी शिकायची, ते आज बोलू.

आधी आपला नकाशा बघू

वडूजला ग्रामीण रुग्णालय आहे. पण अँजिओप्लास्टी करायची, मेंदूचं ऑपरेशन करायचं, तर सातारा नाहीतर कराड. दोन्हीकडं जायला पन्नास किलोमीटरच्या पुढंच. साताऱ्याला निघालो की आधी पुसेगाव, मग वर्धनगडचा घाट, मग कोरेगाव आणि मग सातारा. रस्ता मोकळा मिळाला तरी तासभर धरायचा. कारखाने चालू असले की पुढं उसाच्या ट्रॉल्या. घाटात ट्रॉलीमागं अडकलात तर सायरन कितीही वाजवा, ट्रॉली जाऊन जाऊन जाणार कुठं?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर 'गोल्डन अवर'ची व्याख्या आलीय. गंभीर दुखापतीनंतरचा पहिला एक तास. या तासात नीट उपचार मिळाले तर जीव वाचायची शक्यता सगळ्यात जास्त. शहरात अँब्युलन्स दहा-पंधरा मिनिटांत मोठ्या हॉस्पिटलच्या दारात असते. आपल्याकडं हा तास गाडीतच संपतो. म्हणजे त्या तासात जे काही चांगलं-वाईट ठरणार, ते गाडीच्या मागच्या भागात बसलेली दोन-तीन माणसं ठरवणार. आता सांगा, लीडरशिपची गरज कुणाला जास्त?

गाडीत असतं कोण?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या सुरुवातीला सुरू झाली. तेव्हा ९३७ गाड्या होत्या. २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. त्यांचा कंट्रोल रूम पुण्यात, औंधला. आपलं यमाईचं औंध नव्हे हं, पुण्यातलं औंध! आपण वडूजमधून १०८ लावला की फोन तिकडं वाजतो आणि तिथून जवळची गाडी पाठवली जाते.

आपल्या राज्याची एक वेगळी गोष्ट आहे. १०८ ची सुरुवात देशात २००५ साली हैदराबादमधून झाली. तिकडं आणि बऱ्याच राज्यांत गाडीवर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन असतो, डॉक्टर नसतो. महाराष्ट्रानं गाडीवर डॉक्टर ठेवला. सोबत ड्रायव्हर, ज्याला सगळे पायलट म्हणतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळं आपल्याकडं लोकांच्या डोक्यात एक चित्र बसलंय : डॉक्टर म्हणजे सगळं, बाकीचे म्हणजे स्ट्रेचर उचलणारे. मी गाडीतून उतरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, डॉक्टर कुठायत?"

मला याचा राग येत नाही. घरात माणूस तडफडत असताना लोकांनी माझं सर्टिफिकेट का बघावं? पण माझ्यासारखं बीएस्सी किंवा डिप्लोमा करून या कामात आलेल्या पोरापोरींना मी सांगते, की कायद्याच्या कागदावर आता आपली नोंद आहे. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय नावासकट आहे. कागदावरचं नाव लोकांच्या डोळ्यांत उतरायला वेळ लागतो. ते काम आपल्या वागण्यानंच होणार.

आणि हे कुठंतरी आधी झालंय. अमेरिकेत पिट्सबर्ग नावाचं शहर आहे. १९६० च्या दशकात तिथं पेशंट न्यायला पोलिसांची व्हॅन यायची. बऱ्याच ठिकाणी तर अंत्यसंस्कारवाल्यांचीच गाडी यायची. आत उपचार असे काही नसायचेच. १९६७ साली तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत 'फ्रीडम हाऊस' नावाची अँब्युलन्स सेवा सुरू झाली. डॉ. पीटर सेफार, ज्यांचं नाव सीपीआरच्या इतिहासात कायम घेतलं जातं, त्यांनी वस्तीतल्या बेरोजगार पोरांना ट्रेनिंग दिलं. ज्यांना कुणी कामावर घेत नव्हतं, ती पोरं गाडीतच उपचार द्यायला लागली. आज जगभर ज्याला पॅरामेडिक म्हणतात, त्या कामाची पायाभरणी करणाऱ्यांत ही पोरं होती. १९७५ मध्ये शहरानं ती सेवा बंद केली, पण त्यांची पद्धत पुढं सगळीकडं गेली. त्यांच्याकडं पद नव्हतं, मान नव्हता. समोरचा पेशंट मात्र त्यांच्या हातात होता.

आता कामाचं बोलू. मी पाच सवयी सांगणार आहे.

पहिली सवय : निघायच्या आधी हिशोब

लीडरशिप म्हटलं की लोकांना घोषणा आठवते. मला गुणाकार-भागाकार आठवतो. ऑक्सिजनचंच घ्या. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागतोय. म्हणजे पूर्ण सिलिंडर १५० मिनिटं जाईल. अर्धा असेल तर ७५ मिनिटं. पाव असेल तर ३७. आता वडूज ते सातारा तासभर, वर ट्रॉलीचा उशीर. पाव सिलिंडर घेऊन निघालात तर वर्धनगड ओलांडल्यावर काटा खाली येणार, आणि तिथं कुठलं दुकान उघडं नसणार.

हा हिशोब डॉक्टरांनी करायचा, पॅरामेडिकनं करायचा की पायलटनं? ज्याच्या लक्षात आला त्यानं. आणि तो मोठ्यानं बोलून करायचा. "सिलिंडर अर्धा आहे, सव्वा तास पुरेल, दुसरा टाकूनच निघू." दहा सेकंदांचं वाक्य आहे. नातेवाईक ओरडत असतात, "काढा की गाडी, काय बघत बसलाय!" त्या आवाजात शांत राहून दुसरा सिलिंडर चढवणं, ही मला माहीत असलेली सगळ्यात अवघड लीडरशिप आहे.

दुसरी सवय : काम माणसाला द्या, हवेत सोडू नका

समजा बाजाराच्या दिवशी स्टँडवर कुणी कोसळलं. श्वास नाही, हालचाल नाही. सीपीआर सुरू करायचा. भोवती पन्नास माणसं. तुम्ही ओरडलात, "कुणीतरी १०८ लावा!" पन्नास जणांना वाटतं, दुसरा कुणीतरी लावतोय. निम्मे व्हिडिओ काढतात. म्हणून बोट करून सांगायचं : "निळा शर्ट, दादा, तुम्ही १०८ लावा, आणि लागला की मला सांगा." "काकी, तुम्ही गर्दी मागं सारा." नाव माहीत नसेल तर कपड्याचा रंग चालतो.

गाडीच्या आत पण हेच. छातीवरचा दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा, खोली पाच ते सहा सेंटिमीटर. दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण माणूस दमतो आणि दमलेलं त्याला स्वतःला कळत नाही. मग वेळ कोण मोजतंय? जो दाबतोय तो मोजू शकत नाही. एकाला सांगायचं, "तू फक्त घड्याळ बघ, दोन मिनिटं झाली की ओरड." इथं लीडर म्हणजे ज्याचे हात मोकळे आणि डोळे सगळीकडं, तो. शक्य असेल तर दोन पावलं मागं उभा राहणारा. सगळं स्वतःच्या हातानं करणारा माणूस मेहनती असतो, पण त्याला मॉनिटर दिसत नाही, नातेवाईक दिसत नाहीत, संपत आलेलं सलाईन दिसत नाही.

आणि सांगितलेलं परत म्हणायची सवय लावा. डॉक्टर म्हणाले, "ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम." मी म्हणायचं, "ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम, देतेय." दिल्यावर, "दिलं, अकरा वाजून चार मिनिटं." हे बघून हसणारे पण असतात, म्हणतात पोपटपंची आहे. पण सायरन, घाट, खड्डे आणि रडारड यात 'एक'चं 'अर्धा' कधी ऐकू येईल सांगता येत नाही. परत म्हटल्यावर चूक ओठांवरच पकडली जाते.

तिसरी सवय : "साहेब, एक सांगू का?"

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपल्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर बोलायचं नाही, असं लहानपणापासून शिकवलेलं असतं. डॉक्टर साहेब, सिस्टर मॅडम, मग आम्ही, मग पायलटदादा. ही उतरंड. माहिती वरून खाली पटकन येते. खालून वर जायला तिला धाप लागते.

याची किंमत काय असते, ते विमानवाल्यांनी शिकवलं. २७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटावर धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. आजवरचा विमानांचा सगळ्यात मोठा अपघात. एका विमानाच्या कॅप्टननं परवानगी मिळायच्या आधीच धाव सुरू केली होती. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, की समोरचं विमान अजून पट्टीवर आहे. त्यानं विचारलं पण. कॅप्टन कंपनीचा नावाजलेला माणूस. त्यानं ठामपणे सांगितलं आणि प्रश्न तिथंच मिटला. पुढं १९७९ मध्ये नासाच्या एका कार्यशाळेतून असं ट्रेनिंग आकाराला आलं, ज्यात कनिष्ठानं कसं बोलायचं आणि वरिष्ठानं कसं ऐकायचं हे शिकवतात. त्याला आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. हॉस्पिटलांनी ते विमानांकडून उचललं.

आपल्या भाषेत त्याच्या तीन पायऱ्या मी अशा केल्यात. पहिली, जे दिसतंय ते सांगा : "साहेब, सॅच्युरेशन ८४ वर आलंय." दुसरी, काळजी सांगा : "साहेब, मला हे बरोबर वाटत नाहीये, श्वास उथळ झालाय." तिसरी, थांबवा : "साहेब, थांबा. आधी श्वास बघू." पहिल्या पायरीवर ऐकलं गेलं तर प्रश्नच मिटला. नाही ऐकलं तर गप्प बसायचं नाही, पुढच्या पायरीवर जायचं. आवाज वाढवायचा नाही, शब्द वाढवायचे. मान 'साहेब' या शब्दात ठेवलाच आहे की.

एकदा रात्री आम्ही डोक्याला मार लागलेला एक तरुण घेऊन चाललो होतो. सोबतचे डॉक्टर साताऱ्यात बेडसाठी फोनवर होते, मी बीपी घेत होते. पुढून पायलटदादा म्हणाले, "ताई, मघापासून घोरल्यासारखा आवाज येत होता. तो बंद झालाय." बेशुद्ध माणूस घोरतो तेव्हा त्याची जीभ मागं पडत असते. तो आवाज एकदम थांबणं म्हणजे शांत झोप नव्हे. त्याच क्षणी आम्ही जबडा पुढं उचलला, सक्शन लावलं, श्वास पुन्हा मोकळा झाला. त्या मिनिटाला आमच्या गाडीतला लीडर स्टिअरिंगवर होता. त्यांना वैद्यकीय शिक्षण नाही. त्यांना एवढंच माहीत होतं, की आपण बोललो तर इथं कुणी झिडकारणार नाही.

म्हणून सीनिअर मंडळींना पण सांगणं आहे. ड्युटी सुरू होताना एक वाक्य बोला : "आज मला काही चुकीचं दिसलं तर मी सांगेन, तुम्हाला दिसलं तर तुम्ही सांगा." एवढं बोलायला पैसे पडत नाहीत.

चौथी सवय : अंगणातली लीडरशिप

पुस्तकात ही नसते. पावसाळ्यातली पहाट. जमिनीवर झोपलेला माणूस. पोटात दुखतंय म्हणतोय, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्यात, बोलताना जीभ अडखळतेय. चावल्याची खूण नीट दिसत नाही, सूज नाही. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल. पण या गोष्टी एकत्र दिसल्या की मण्यार डोक्यात आलाच पाहिजे. मण्यार रात्री चावतो आणि बऱ्याचदा चावलेलं कळतसुद्धा नाही. विष नसांवर जातं आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थांबू शकतात.

अंगणात तोवर सभा भरलेली असते. एकजण म्हणतो, देवऋषाकडं न्या. दुसरा दोरी घेऊन पाय आवळायला बघतो. तिसरा थेट साताऱ्याला चला म्हणतो. इथं तुम्ही "अंधश्रद्धा सोडा" असं भाषण केलंत तर पेशंट हातचा गेला. मी काय करते? त्या सभेत ज्याचा शब्द चालतो तो माणूस शोधते. कधी तो तात्या असतो, कधी घरातली आज्जी. त्यांच्याजवळ जाऊन हळू बोलते : "तात्या, विषावर औषध एकच, सापाचं इंजेक्शन, आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. उशीर झाला तर श्वास थांबेल. देवाचं नंतर करू, मी पण येते नारळ घेऊन. पण आत्ता गाडीत घालू." तात्यांनी मान हलवली की सभा संपली. मग दोरी सोडायची, पाय हलू न देता फळी लावायची आणि जिथं सर्वांत आधी प्रतिविष मिळेल तिथं न्यायचं. रस्त्यात श्वास कमी पडला तर अंबू बॅगनं श्वास देत राहायचं. हात दुखले तरी थांबायचं नाही. मण्यारचा पेशंट श्वास दिला तर जगू शकतो.

तात्यांच्या हातात निर्णय दिल्यानं माझी लीडरशिप कमी झाली का? आपल्या तालुक्यातल्या औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना करून कारभार गावपंचायतींकडं सोपवला होता. सत्ता खाली दिली तर काम होतं, हे आपल्या मातीला नवीन नाही. गाडीत पण तसंच. डॉक्टर आले की त्यांच्या हाती द्यायचं, गर्दी आवरायची असेल तर पायलटदादांच्या हाती द्यायचं. फक्त देताना "आता तुम्ही बघा" हे तोंडानं म्हणायचं. नाहीतर दोघांनाही वाटतं, दुसरा बघतोय.

पाचवी सवय : हातात देताना आणि दिल्यानंतर

कॅज्युअल्टीच्या दारात हँडओव्हर होतो. तिथं सगळे घाईत. तुम्ही कहाणी सुरू केलीत, "काय झालं, हे सकाळी रानात गेले होते..." की समोरच्याचं लक्ष गेलं. मी पाच प्रश्न पाठ केलेत : कोण? काय झालं आणि कधी? काय दिसलं? काय दिलं? आता काय लागणार? उदाहरण ऐका. "पुरुष, वय ५५. दोन तासांपूर्वी छातीत दुखायला लागलं, घाम. बीपी ९० वर ६०, ईसीजीत बदल आहेत, हा बघा. ॲस्पिरिन दिलीय, वडूजमधून निघताना. कार्डिओलॉजिस्टना आत्ता बोलवावं लागेल." अर्ध्या मिनिटात झालं. शेवटचं वाक्य सांगायला पोरं घाबरतात. काय लागणार हे आपण सांगायचं? हो, सांगायचं. तासभर त्या माणसाजवळ आपणच होतो. ते ऐकायचं की नाही, हे पुढचे डॉक्टर ठरवतील.

आणि परत येताना रिकाम्या गाडीत पाच मिनिटं बोला. काय नीट झालं, कशात अडकलो, पुढच्या वेळी काय वेगळं करू. कुणाचा गळा धरायचा नाही. मग वहीत चार ओळी लिहा, पेशंटचं नाव न घालता. वहीची ताकद बघायची असेल तर डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बघा. १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे डॉक्टर होते. विंचू चावून माणसं, मुलं दगावत होती. त्यांनी प्रत्येक पेशंटजवळ बसून काय दिसतंय ते बघितलं आणि लिहिलं. त्यातूनच विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायचा उपचार उभा राहिला आणि 'लॅन्सेट'सारख्या जगातल्या मोठ्या मासिकानं तो छापला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नव्हती. पेशंट, वही आणि चिकाटी होती. आपल्या वहीतून लॅन्सेट निघणार नाही कदाचित, पण वर्धनगडच्या घाटात पेशंटला उलटी का होते, स्ट्रेचर कसं लावायचं, एवढं तरी निघेल.

एक लक्ष्मणरेषा

लीडरशिप म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे. जे शिकवलंय, ज्याची परवानगी आहे, तेवढंच करायचं. त्यापलीकडं जायचं असेल तर फोनवर डॉक्टरांना विचारायचं, ईसीजीचा फोटो पाठवायचा, सूचना परत म्हणायची आणि वेळ लिहायची. "मला हे येत नाही, मदत पाहिजे," हे वेळेवर म्हणता येणं हा पण त्याच शिक्षणाचा भाग आहे. डेरिंगबाज पॅरामेडिकपेक्षा विचारणारा पॅरामेडिक मला माझ्या घरच्यांसाठी चालेल.

आणि जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी

तुम्ही म्हणाल, आम्ही तर नुसते ऐकणारे. पण अपघात झाला की पहिली पाच-दहा मिनिटं तुमचीच असतात, आम्ही तेव्हा रस्त्यात असतो. पोलीस मागं लागतील या भीतीनं माणसं पुढं येत नाहीत. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं अपघातग्रस्ताला मदत केलीत, तर त्याला काही झालं म्हणून तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. तुमचं नाव सांगायची सक्ती पण होत नाही.

तेव्हा हातातला फोन व्हिडिओसाठी नको, १०८ साठी उचला. गाव, वस्ती, जवळची खूण सांगा : "पुसेगावकडून येताना, पुलाच्या अलीकडं, पाण्याच्या टाकीजवळ." पेशंट बोलतोय का, श्वास घेतोय का, किती जण आहेत, ते सांगा. समोरचा ठेवत नाही तोवर फोन ठेवू नका. रात्र असेल तर एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. वाडीवस्तीवर रस्ता शोधण्यात आमची जी मिनिटं जातात, ती तुम्ही वाचवलीत तर वर्धनगडच्या घाटात ती आम्हाला कामी येतात.

शेवटी या आठवड्याचा गृहपाठ. पॅरामेडिक, नर्सिंग, फार्मसी, काहीही शिकत असाल, तर पुढच्या ड्युटीला किंवा प्रॅक्टिकलला सांगितलेली एक गोष्ट परत म्हणून दाखवा आणि खटकलेली एक गोष्ट "साहेब, एक सांगू का?" म्हणून सांगा. बाकीच्यांनी आपल्या घराचा पत्ता, १०८ वाल्याला कळेल असा, दोन ओळींत लिहून फोनमध्ये ठेवा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना पण तो पाठ करून घ्या.

एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. काय अनुभव आला ते नक्की कळवा. काळजी घ्या, गाडी हळू चालवा, आणि मागून सायरन ऐकू आला की जरा डावीकडं व्हा. भेटू!